तारखेचं बिल

डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातला एक जामीन अर्ज सर्वोच्च न्यायालयात पोचला. अर्जदार जवळजवळ सहा वर्षं तुरुंगात होता आणि त्याचा खटला जागचा हलत नव्हता. या काळात १०२ तारखा पडल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक तारखांना आरोपीला न्यायालयापुढे आणलंच गेलं नव्हतं. प्रत्यक्षही नाही आणि व्हिडिओवरही नाही. न्यायालयाने खेद व्यक्त करून जामीन दिला. बातमी एक दिवस छापून आली, दुसऱ्या दिवशी विसरली गेली.

ज्या तारखेला काही घडत नाही ती ‘फुकट गेली’ असं लोक म्हणतात. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत: वाया गेलेलं आणि पैसे न पडलेलं. कोर्टातली तारीख पहिल्या अर्थाने पुष्कळदा फुकट जाते, दुसऱ्या अर्थाने एकदाही नाही. त्या दिवशीही न्यायाधीश आसनावर बसलेले असतात. लिपिकाने गठ्ठ्यातून फाइल काढून बोर्डाच्या क्रमाने लावलेली असते. पट्टेवाला दाराशी येऊन पुकारा करतो. सरकारी वकील उभे राहतात, पोलीस ठाण्याचा पैरवी हवालदार कागद हातात धरून मागे थांबलेला असतो. आरोपीची आई किंवा बायको बाहेरच्या बाकावर सकाळपासून बसलेली असते. मग रोजनाम्यात दोन ओळी पडतात: आरोपी हजर नाही, पुढील तारीख अमुक. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. या चार-पाच मिनिटांसाठी किती पगार, किती डिझेल आणि किती बुडालेली मजुरी खर्ची पडली, हे मात्र त्या दोन ओळींत नसतं.

मोठे निकाल, गाजलेली भाषणं, फाशी आणि निर्दोष मुक्तता यांच्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. इथे बोलायचं आहे ते त्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल, म्हणजे खटल्याच्या उंबरठ्याबद्दल.

लोकांच्या बोलण्यात खटला अटकेपासून सुरू होतो. कायद्याच्या लेखी तो खऱ्या अर्थाने सुरू होतो न्यायालय आरोप निश्चित करतं तेव्हा. या दोहोंच्या मध्ये मोठा प्रदेश आहे. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणं, पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, म्हणजे वकिलांच्या भाषेत ‘पीसीआर’ आणि ‘एमसीआर’. साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र, नाहीतर जामिनाचा हक्क. आरोपपत्राच्या नकला, सत्र न्यायालयाकडे वर्ग करणं, दोषमुक्तीचा अर्ज, त्यावर युक्तिवाद, आणि मग आरोपनिश्चिती. या सगळ्या प्रवासात एकही साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहत नाही. पुराव्याचा एक कणही तपासला जात नाही. तरी सर्वांत जास्त ये-जा याच टप्प्यात होते. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण दिवाणी दाव्यासाठी ठीक आहे. फौजदारीत पायरी चढायची की नाही हे आरोपीला कुणी विचारत नाही, त्याला गाडीतून उतरवून चढवलं जातं.

हा उंबरठा किती महाग पडतो याचा धडा या देशाला जवळपास शंभर वर्षांपूर्वी मिळाला होता, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा होता. २० मार्च १९२९ रोजी देशभर छापे पडून कामगार पुढाऱ्यांना अटक झाली. मुंबईच्या गिरणगावातून श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, डॉ. गंगाधर अधिकारी यांना नेलं. अर्जुन आळवे आणि कासले हे तर स्वतः गिरणीकामगार. गुन्ह्याची जागा म्हणून निवडण्यात आलं ते मेरठ, मुंबईपासून पार दिल्लीच्या पलीकडे. कारण उघड होतं. मुंबईत किंवा कलकत्त्यात खटला चालवला असता तर ज्यूरी बसली असती, मेरठमध्ये ती टाळता येत होती. आरोपी मुंबईचे, साक्षीदार ठिकठिकाणचे, आणि न्यायालय मेरठला. खर्चाचा पहिला आकडा त्या एका निर्णयातच दडलेला होता.

त्या काळच्या कायद्याप्रमाणे सत्र न्यायालयात खटला उभा राहण्याआधी दंडाधिकाऱ्यापुढे ‘प्राथमिक चौकशी’ होत असे. साक्षीदार एकदा तिथे यायचे आणि तेच साक्षीदार पुन्हा सत्र न्यायालयात. मेरठची प्राथमिक चौकशी जून १९२९ मध्ये सुरू झाली आणि १४ जानेवारी १९३० ला आरोपींना सत्र न्यायालयाकडे पाठवून संपली. सात महिने फक्त एवढंच ठरवण्यात गेले की खटला चालवण्याजोगा आहे. मग सत्र न्यायालयात फिर्यादी पक्षाचा पुरावा तेरा महिने चालला. आरोपींचे जबाब दहा महिने, युक्तिवाद साडेचार महिने, आणि निकाल लिहायला न्यायाधीशांना पाच महिने लागले. पुराव्याचे छापील खंड पंचवीस, साक्षीदार ३२०. निकाल आला १६ जानेवारी १९३३ रोजी. तोवर वयोवृद्ध कामगार नेते ठेंगडी यांचं निधन झालेलं होतं.

पुढे अलाहाबाद उच्च न्यायालयात अपील चाललं ते आठ कामकाजाच्या दिवसांत. ऑगस्ट १९३३ च्या निकालात अनेक जण सुटले आणि जन्मठेप-काळ्या पाण्यापर्यंत गेलेल्या शिक्षा कापून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणल्या गेल्या. हिशेब सोपा आहे. सर्वांत कडक ठरलेली शिक्षा तीन वर्षं, आणि ती ठरेपर्यंत आरोपींची अटकेत गेलेली वर्षं चार. मेरठचा खटला सरकारला महाग पडला, अशी टीका थेट लंडनमध्येही झाली. पण टीकाकारांच्या रागाचा रोख राजकारणावर होता. सात महिन्यांची प्राथमिक चौकशी हाच मुळात दुहेरी खर्च आहे, हे कायद्यात उमटायला आणखी चाळीस वर्षं जावी लागली.

विधी आयोगाने १९६९ च्या एकेचाळिसाव्या अहवालात ही चौकशी बंद करण्याची शिफारस केली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं विधेयक मांडताना सरकारने जे कारण दिलं ते आजही वाचण्यासारखं आहे: या चौकशीचा काही उपयोग होत नाही आणि विलंब मात्र पुष्कळ होतो. आरोपीला आपल्याविरुद्ध काय पुरावा आहे हे कळावं, हा तिचा मूळ हेतू. तो कागदांच्या नकला देऊनही साधतो. म्हणून प्रकरण सत्र न्यायालयाकडे पाठवणं हे एका सहीचं काम झालं. त्याच संहितेने आणखी एक चांगली गोष्ट केली. निकालापूर्वी तुरुंगात काढलेला काळ शिक्षेतून वजा करण्याची तरतूद आणली. मेरठच्या आरोपींना ती असती तर!

कागदावर पाहिलं तर उंबरठा १९७३ साली कापून टाकला गेला. प्रत्यक्षात तो रोजनाम्यात जाऊन बसला. पूर्वी एका नावाने ओळखला जाणारा आणि म्हणून मोजता येणारा सात महिन्यांचा टप्पा होता. आता तो ‘आरोपीच्या हजेरीसाठी’, ‘नकलांसाठी’, ‘म्हणण्यासाठी’, ‘आरोपनिश्चितीसाठी’ अशा सुट्या तारखांत विखुरला गेला. ज्याला नाव नाही त्याचा अहवाल कोण लिहिणार?

याचं सर्वांत बोलकं उदाहरण मुंबईतच आहे. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावच्या भिक्कू चौकात स्फोट होऊन सहा जण मेले. दहशतवादविरोधी पथकाने जानेवारी २००९ मध्ये आरोपपत्र दाखल केलं. आरोप निश्चित झाले ३० ऑक्टोबर २०१८ रोजी. मधल्या पावणेदहा वर्षांत वाद प्रामुख्याने एकाच मुद्द्याभोवती फिरत राहिला: संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, म्हणजे मोक्का, या प्रकरणाला लागतो की नाही. २००९ मध्ये विशेष न्यायालय म्हणालं लागत नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालय म्हणालं लागतो. २०११ मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मुद्दा पुन्हा उलटला. २०१६ मध्ये नव्या यंत्रणेने पुरवणी आरोपपत्रात मोक्का सोडून दिला, आणि डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने तो शेवटचा काढून टाकला. तोपर्यंत आरोपींपैकी काही जण आठ-नऊ वर्षं तुरुंगात काढून जामिनावर सुटलेले होते.

मग प्रत्यक्ष खटला चालला. ३२३ साक्षीदार तपासले गेले, त्यांतले तीसहून अधिक फितूर झाले, आणि ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपी निर्दोष सुटले. निकाल बरोबर की चूक हा इथला विषय नाही. इथे फक्त दोन कालखंड शेजारी ठेवून पाहायचे आहेत. आरोपपत्रापासून आरोपनिश्चितीपर्यंत नऊ वर्षं नऊ महिने, आणि आरोपनिश्चितीपासून निकालापर्यंत सहा वर्षं नऊ महिने. खटल्याच्या आधीचा काळ खटल्यापेक्षा पूर्ण तीन वर्षांनी मोठा! दहा वर्षांनी पिंजऱ्यात उभा राहिलेला साक्षीदार काय आठवून सांगणार, हा प्रश्नही त्या खर्चाच्या हिशेबातलाच आहे. मेलेल्यांच्या घरच्यांसाठी तर तो हिशेबातला सर्वांत मोठा आकडा असावा.

त्याच शहरात, त्याच काळात, दुसरं प्रकरण. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचं आरोपपत्र २५ फेब्रुवारी २००९ ला दाखल झालं, अकरा हजारांहून अधिक पानांचं. कसाबवर आरोप निश्चित झाले ६ मे २००९ ला आणि निकाल लागला ३ मे २०१० ला. आरोपपत्र ते आरोपनिश्चिती सत्तर दिवस. दोन प्रकरणांची तुलना काटेकोरपणे करता येत नाही हे खरं. एकात आरोपी जागेवर जिवंत पकडलेला, दुसऱ्यात पुरावा बराचसा परिस्थितिजन्य. पण एक साधी गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कसाबचं विशेष न्यायालय आर्थर रोड तुरुंगातच उभारलं होतं. त्याआधी १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा खटलाही तिथेच चालला. आरोपीला कोर्टात आणायला गाडी लागत नव्हती, पोलिसांची तुकडी शोधावी लागत नव्हती. न्यायाधीश त्याच्याकडे जात होते. सरकारने ठरवलं तर आरोपीची गैरहजेरी हा प्रश्नच उरत नाही, एवढं त्यातून सिद्ध झालं. ती व्यवस्था अर्थात अतिशय महागडी होती, आणि पाकीटमारीच्या आरोपीसाठी ती कुणी उभारणार नाही.

पाकीटमारीच्या आरोपीसाठी असते ‘कैदी पार्टी’. हा शब्द पोलीस मुख्यालयात रोज उच्चारला जातो आणि मुख्यालयाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही. तुरुंगातून न्यायालयात आणि परत, कैद्यांसोबत जाणारी पोलिसांची तुकडी म्हणजे कैदी पार्टी. ती तुरुंग प्रशासनाची नसते, जिल्हा किंवा शहर पोलिसांची असते. त्यामुळे गणेशोत्सव आला, निवडणूक आली, मंत्र्यांचा दौरा निघाला, की पहिली कपात तिच्यात होते. तुरुंगाच्या दारात कैदी तयार, कोर्टात न्यायाधीश तयार, आणि मधला रस्ता ओलांडून नेणारे चार शिपाई मिरवणुकीच्या बंदोबस्तात. गृह विभागाच्या दृष्टीने त्या दिवशी बचत झाली. विधी विभागाच्या दृष्टीने एक तारीख गेली. तुरुंगाच्या दृष्टीने त्या कैद्याचं जेवण, औषध आणि पहारा आणखी एका तारखेपर्यंत वाढला. तिघांच्या वह्या वेगळ्या, म्हणून तिघांनाही वाटतं की आपलं काही गेलं नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते. त्यांतले ४ लाख ३४ हजार ३०२ न्यायाधीन, म्हणजे बोलीभाषेत कच्चे कैदी. शंभरात शहात्तर. महाराष्ट्रात असे ३२ हजार ८८३ होते, उत्तर प्रदेश आणि बिहारनंतर देशात सर्वाधिक. अकरा हजारांहून जास्त लोक निकालाविना पाच वर्षांपेक्षा अधिक काळ आत होते. आता एक कच्चा हिशेब मांडून पाहू. दंडाधिकाऱ्याला एका वेळी पंधरा दिवसांपेक्षा जास्त न्यायालयीन कोठडी देता येत नाही. तेवढी कडक मोजणी न करता प्रत्येकाची महिन्याला एकच पेशी, म्हणजे न्यायालयापुढची हजेरी, धरली, तरी वर्षाला बावन्न लाख पेश्या होतात. प्रत्येक पेशीला एक कोरडा शब्द द्यावा लागतो: ‘हजर’ किंवा ‘गैरहजर’. बावन्न लाख वेळा.

या सगळ्यावर सरकार नेमकं किती खर्च करतं? एकत्रित आकडा कुठल्याच अंदाजपत्रकात एका ओळीत सापडत नाही, पण त्याची दिशा कळते. २०२५ च्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’ने माणशी वार्षिक सरकारी खर्च काढला आहे. पोलिसांवर १,२७५ रुपये, न्यायव्यवस्थेवर १८२, तुरुंगांवर ५७, आणि मोफत कायदेशीर मदतीवर ६. पकडण्यावरचा खर्च ऐकून घेण्यावरच्या खर्चाच्या सातपट. सहा रुपयांत आज चहाचा अर्धा कपही येत नाही, आणि तेवढ्यात वर्षभराची वकिली बसवायची आहे. नवल हे की कंजूषपणा जिथे केला जातो तिथेच पैसा सर्वांत जास्त गळतो. न्यायाधीशाची जागा रिकामी ठेवली की पगार वाचतो, आणि त्या रिकाम्या खुर्चीपुढे रोज गाडीभर कैदी आणून परत नेले जातात.

केंद्र सरकारच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीत यावर एक आख्खं प्रकरण होतं. त्याचं शीर्षक आपल्या जुन्या नीतिग्रंथांतून उचललेलं, ‘मत्स्यन्याय’ संपवण्याविषयीचं: मोठा मासा लहान माशाला खातो, तशी अवस्था. त्यात हिशेब मांडला होता की कनिष्ठ न्यायालयांत आणखी २,२७९ न्यायाधीश नेमले तर दरवर्षी जितके खटले येतात तितके निकाली निघतील, म्हणजे थकबाकी वाढायची थांबेल. हा आकडा मंजूर पदांच्या आतला होता. नवी पदं निर्माण करायची नव्हती, असलेली भरायची होती. १९८७ मध्ये विधी आयोगाने दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश आहेत, ते पन्नास हवेत असं सांगितलं होतं. आज तो आकडा मंजूर पदं धरूनही विशीच्या जरासाच पुढे आहे.

आतापर्यंतचा हिशेब सरकारी तिजोरीचा झाला. पण जनतेचा खर्च म्हणजे केवळ सरकारचा खर्च नव्हे. समजा, पालघरच्या एखाद्या पाड्यावरचा तरुण किरकोळ चोरीच्या संशयात आत गेला. जामीन मंजूर झाला, पंधरा हजारांचा, एका लायक जामीनदारासह. लायक म्हणजे काय? त्याच्याकडे सातबारा हवा, किंवा पगाराची पावती, किंवा तहसीलदाराचा ऐपतदाखला. दाखल्यासाठी तलाठी, मग तहसील, मग पुन्हा कोर्ट. प्रत्येक फेरीला एस.टी.चं तिकीट आणि एका दिवसाची मजुरी. ज्याची ऐपत आहे असा माणूस पाड्यावर असतोच कुठे? जामीन मंजूर होऊनही तरुण आतच राहतो. आता त्याला आत ठेवायचं कारण गुन्हा नव्हे, दाखला. त्या दाखल्याच्या अभावाचा रोजचा खर्च पुन्हा सरकारच भरतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच याची खरडपट्टी काढली होती. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगितला गेला, आणि त्याच्या भावाचा जामीन दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो आदेश मोडून रक्कम एक हजारावर आणली. पंचेचाळीस वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, त्याच न्यायालयाला तुरुंग अधीक्षकांना बजावून सांगावं लागलं की जामीन मिळूनही कैदी सात दिवसांत सुटला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदत देणारी योजना आणली. सरकारनेच सरकारला जामीन भरायचा, असा हा प्रकार. ऐकायला विचित्र, पण हिशेबाला पक्का, कारण त्या माणसाला आत ठेवत राहणं याहून महाग पडतं.

बिलाचे काही आकडे इतके लहान असतात की त्यांचीच शरम वाटते. ऑक्टोबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात फादर स्टॅन स्वामी यांना रांचीहून अटक करून तळोजा तुरुंगात आणलं गेलं. वय ८३, कंपवाताचा आजार, हातात पेला धरता येत नव्हता. ६ नोव्हेंबरला त्यांनी विशेष न्यायालयात अर्ज केला, की आपली नळी आणि नळीचा पेला मिळावा. तपास यंत्रणेने म्हणणं मांडायला वीस दिवस मागितले. २६ नोव्हेंबरला यंत्रणेने सांगितलं की ती वस्तू आम्ही घेतलीच नव्हती. मग प्रश्न तुरुंग प्रशासनाकडे गेला, पुढची तारीख पडली. बाजारात तो पेला शे-दोनशे रुपयांना मिळतो. त्याच्यासाठी विशेष न्यायाधीश, विशेष सरकारी वकील, बचावाचे वकील आणि दोन सरकारी कार्यालयं तीन आठवड्यांहून अधिक काळ पत्रव्यवहार करत होती. जुलै २०२१ मध्ये जामिनाची सुनावणी चालू असतानाच स्वामी वारले. आरोपनिश्चिती झालेली नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच प्रकरणातल्या आणखी दोघांना सहा वर्षांहून जास्त काळानंतर जामीन दिला, तेव्हाही झालेली नव्हती, आणि पुढे तीनशेहून अधिक साक्षीदार वाट पाहत होते.

उंबरठ्यावरच्या खर्चाचं बिल खरोखर फाडलं गेलं असं ठळक उदाहरणही याच प्रकरणात आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गौतम नवलखा यांना तुरुंगाऐवजी नवी मुंबईत घरी स्थानबद्ध ठेवण्याची परवानगी दिली, पोलीस पहाऱ्याचा खर्च त्यांनी सोसायचा या अटीवर. सुरुवातीला २ लाख ४० हजार रुपये भरायला सांगितले. दीड वर्षाने यंत्रणेने मागणी मांडली ती सुमारे १ कोटी ६४ लाखांची. नवलखांच्या बाजूने तो हिशेबच अमान्य करण्यात आला, आणि मे २०२४ मध्ये जामिनावरची स्थगिती उठवताना न्यायालयाने तूर्त वीस लाख भरायला सांगितले. कुणाचा आकडा बरोबर होता ते बाजूला ठेवू. एका माणसावरच्या चोवीस तास पहाऱ्याची किंमत काढायला बसल्याबरोबर दोन्ही बाजूंना हिशेब मांडावा लागला, एवढं महत्त्वाचं. चार लाख चौतीस हजार लोकांच्या बाबतीत असा हिशेब कुणी कुणाकडे मागत नाही.

एकदा मागितला गेला होता, आणि तो मागणारा माणूस आपल्याकडचा. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले खुसरो रुस्तमजी हे सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. निवृत्तीनंतर राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून ते बिहारच्या तुरुंगांत गेले आणि तिथे त्यांना दिसलं की गुन्ह्याला जितकी कमाल शिक्षा आहे तिच्याहून जास्त काळ लोक खटल्याविना आत आहेत. जानेवारी १९७९ मध्ये त्यांचे लेख ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये आले. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि हुसैनारा खातून प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी जलद खटला हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. हजारो कैदी सुटले. आयुष्यभर पकडण्याच्या बाजूला राहिलेल्या अधिकाऱ्याला हे दिसलं, कारण तो तुरुंगाच्या नोंदवह्या उघडून बसला. निवाड्यापेक्षा ती नोंदवही जास्त बोलली.

आता कायदाही बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. आरोपावरच्या पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत आरोपनिश्चिती, दोषमुक्तीच्या अर्जालाही साठ दिवसांची मर्यादा, तहकुबी दोनपेक्षा जास्त नाही, आणि पहिल्याच गुन्ह्यातल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की सुटका. शेवटची तरतूद जुन्या प्रकरणांनाही लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. कागदावर हे सगळं चांगलंच आहे. पण तहकुबीचा खर्च दोषी पक्षाकडून वसूल करण्याची तरतूद जुन्या कायद्यातही होती, आणि फौजदारी कोर्टात ती वापरलेली पाहिलेला वकील शोधावा लागेल. मुदत मोडली तर मोडणाऱ्याचं काय बिघडतं, यावर नवा कायदाही फारसं बोलत नाही.

व्हिडिओ पेशी हा स्वस्त उपाय दिसतो आणि बऱ्याच अंशी तो आहेही. निव्वळ पुढच्या तारखेसाठी माणसाला तळोज्याहून मुंबईला आणणं शहाणपणाचं नाही. पण अटकेनंतरची पहिली पेशी पडद्यावर होऊ नये, हा कायद्याचा आग्रह रास्त आहे. आरोपी लंगडतो आहे, डोळा सुजला आहे, हे कॅमेऱ्यात दिसेलच असं नाही, आणि कॅमेऱ्याबाहेर कोण उभं आहे हे तर मुळीच दिसत नाही. शिवाय पेशीचा दिवस हा कैद्याच्या घरच्यांसाठी भेटीचाही दिवस असतो. व्हरांड्यात पाच मिनिटं, एखादा डबा, वकिलाशी दोन शब्द. तो पडद्यावर गेला की सरकारचं डिझेल वाचतं आणि घरच्यांना तुरुंगाच्या मुलाखतीची वेगळी फेरी पडते. खर्च एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो.

म्हणून मागणी सुनावण्या कमी करण्याची नाही. दोषमुक्तीचा अर्ज नीट ऐकला गेला तर निरपराध माणूस उंबरठ्यावरूनच घरी जातो, आणि त्याहून स्वस्त न्याय दुसरा नाही. मागणी एवढीच, की जी तारीख पडते तिचा खर्च कुठेतरी लिहिला जावा.

लिहिण्याची जागा तयार आहे. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. आज कुणीही मोबाइलवर खटल्याचा क्रमांक टाकला की मागच्या सगळ्या तारखा एकाखाली एक उतरतात. चार रकाने असतात: न्यायाधीश, त्या दिवशीचं कामकाज, पुढची तारीख, तिचा उद्देश. जुन्या प्रकरणांत अंगठा बराच वेळ वर सरकवत राहावं लागतं. खर्चाचा पाचवा रकाना जोडायचा झाला तर नवी यंत्रणा लागणार नाही. कैदी पार्टीत किती शिपाई होते हे पोलीस मुख्यालयाच्या ड्यूटी रजिस्टरमध्ये असतं, गाडी किती किलोमीटर धावली हे तिच्या लॉगबुकात, कैदी किती वाजता बाहेर पडला आणि किती वाजता परतला हे तुरुंगाच्या दारावरच्या वहीत.